यंत्र पाहावे ओढून

दिवाळी अंकात मराठीच्या अध्यापकाने लिहायचे म्हटले म्हणजे वाचकांची अपेक्षा काहीतरी साहित्यविषयक, नाहीतर निदान फराळविषयक असते. यंदा मात्र मला धुळीवर लिहायचे आहे. त्यातून मी राहतो धुळ्याला, तेव्हा अधिकाराचा प्रश्न नाहीच! आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. धुळ्याचे धुये होते नि धुळीची धूय. म्हणजे गाव आणि गावातला मुबलक माल यांत उच्चारापुरतेही फारसे अंतर उरत नाही.

हा विषय माझ्या गळ्यात पडला तो असा. माझी एक जुनी विद्यार्थिनी जळगावला साफसफाईचा व्यवसाय करते. बी. ए.ला मराठी घेऊन उत्तम गुण मिळवलेली मुलगी. लग्न होऊन तिकडे गेली. पुढे नवऱ्याची नोकरी सुटली, तेव्हा तिने दोन बायका हाताशी धरल्या आणि वास्तुशांतीच्या आधी लोकांची नवी घरे झाडूनपुसून, फरशीवरचे रंगाचे डाग खरवडून द्यायला सुरुवात केली. आज तिच्याकडे आठ बायका आहेत. दवाखाने, बँकेच्या शाखा, मंगल कार्यालये अशी कामे येतात.

चार वर्षांपूर्वी पहिला व्हॅक्यूम क्लीनर घेताना तिने मला फोन केला होता. आमच्या घरी एक मशीन होते. ते सणासुदीला माळ्यावरून खाली येई आणि बरे चाले. तेव्हा 'तसलेच घे' असे मी बिनदिक्कत सांगून मोकळा झालो. 'मला यातले कळत नाही' हे वाक्य शिक्षकाला फार जड जाते. तिने ते घेतले. एकोणिसाव्या दिवशी एका नव्या फ्लॅटमध्ये पी.ओ.पी.ची पांढरी पूड ओढता ओढता मशीनला जळका वास आला आणि ते जे बसले ते पुन्हा उठले नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरची वास्तुशांत! बायकांनी रात्रभर ओल्या फडक्यांनी ती पूड टिपली, तरी मालकाने निम्मे पैसे कापलेच. बायकांची मजुरी मात्र तिने पुरी दिली. त्यानंतर मी जळगावला गेलो तेव्हा तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. पूर्वी त्यांच्या जोडीला सोन्याच्या दोन असत. तिने काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

दोष मशीनचा नव्हता. हिशेब पाहा. घरातले मशीन रोज वीस मिनिटे चालले, तरी वर्षाचे होतात सुमारे १२० तास. धंद्यातले मशीन दिवसाला सहा तास, वर्षाला ३०० दिवस चालले, तर १,८०० तास. म्हणजे घरगुती मशीनच्या पंधरा वर्षांचे काम एका वर्षात! शिवाय घरगुती कोरड्या मशीनमध्ये बहुधा कचऱ्यातून गाळून आलेली हवाच मोटरला थंड ठेवते. पी.ओ.पी.ने फिल्टर बुजला की हवा आटते आणि मोटर स्वतःच्याच उष्णतेने जळते. धंद्याच्या चांगल्या मशीनमध्ये मोटरला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते, कचऱ्याची हवा वेगळ्या वाटेने जाते. एवढे साधे मला त्या वेळी कोणी विचारले असते तर मी गप्प बसलो असतो. विचारले कोणीच नाही, म्हणून बोललो.

यंदा श्रावणात तिचा पुन्हा फोन आला. तीन मशीनांसाठी कर्ज मंजूर झाले होते.

"सर, या वेळी तुम्ही सोबतच या," ती म्हणाली, "म्हणजे चुकले तर दोघांचे चुकेल."

धुळ्याहून मुकटी, पारोळा, एरंडोल करीत एस.टी.ने जळगाव गाठायचे म्हणजे नव्वदएक किलोमीटर. या वेळी मी अभ्यास करून निघालो होतो. वाचता वाचता एक मौजेची गोष्ट सापडली. या यंत्राचा जन्मच मुळी घरासाठी झालेला नाही, धंद्यासाठी झाला. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने एका नव्या यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. ते यंत्र हवा फुंकून धूळ उडवी. फुंकण्यापेक्षा ती आत का ओढत नाही, असे बूथने विचारले. ते जमण्यासारखे नाही, असे उत्तर मिळाले. मग या गृहस्थाने एका उपाहारगृहात खुर्चीच्या मखमलीवर रुमाल धरला, त्याला तोंड लावले आणि जोराने श्वास आत घेतला. ठसका लागला खरा, पण रुमालाला धुळीचा डाग उमटला होता! त्याने बनविलेले यंत्र घोडागाडीवरून येई, रस्त्यात उभे राही, आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे या यंत्राने साफ केले. बूथ प्रथम यंत्र विकत नव्हता, साफसफाई विकत होता. आमच्या जळगावच्या बाईंची जात तीच!

घरात मावेल असे मशीन पुढे आणले ते अमेरिकेतील कँटन गावच्या जेम्स मरे स्पँग्लरने. तो एका दुकानात झाडलोट करी आणि त्याला होता दमा. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांतून त्याने आपले यंत्र जुळविले. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले आणि पुढे ते हक्क हूवर कुटुंबाकडे गेले. स्वतः झाडणाऱ्याने, स्वतःच्या छातीसाठी केलेले यंत्र! हा स्पँग्लर त्या दिवशी मला पुन्हा आठवणार होता.

जळगावात दुकाने हिंडू लागलो. जो तो वॅट सांगे. एक म्हणे १,४००, दुसरा म्हणे २,०००, तिसरा तर दोन मोटरींचे २,४०० वॅटांचे मशीन पुढे करून आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहू लागला. वॅट म्हणजे मशीन वीज किती खाते त्याचे माप. जो जास्त खातो तो जास्त काम करतोच असे नाही. प्राध्यापकांच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. युरोपीय संघाने तर २०१७ साली घरगुती मशीनांची मर्यादा ९०० वॅटांवर आणली.

पाहायच्या गोष्टी दोन : मशीनची ओढ किती आणि त्यातून हवा किती वाहते. पहिली पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरांत मोजतात, दुसरी सेकंदाला किती लिटर अशी. विक्रेता नळीच्या तोंडाला आपला तळहात लावून "बघा कशी धरते!" असे दाखवतो. पण त्या क्षणी नळीतून हवा वाहतच नसते, आणि धूळ वाहून नेणारी असते ती हवाच. उसाच्या रसातल्या नळीचे खालचे तोंड बोटाने दाबून धरा नि कितीही जोर लावा, घोट काही येत नाही, तशातला प्रकार.

हे ज्ञान मी मोठ्या ऐटीत पाजळत होतो. पण परीक्षा घेतली ती दुसऱ्याच व्यक्तीने. माझ्या विद्यार्थिनीने आपल्याबरोबर एका मावशींना आणले होते. अमळनेरकडच्या, पन्नाशीच्या, तिच्याकडे पहिल्या दिवसापासून असलेल्या. दुकानदारांनी मला खुर्ची दिली, तिला दिली. मावशी उभ्याच होत्या. तिसऱ्या दुकानात मुलीने पिशवीतून एक पुडी काढली. कामावरून आणलेली पी.ओ.पी.ची पूड! ती तिने फरशीवर पसरली, मशीनच्या मागे, जिथून हवा बाहेर पडते तिथे, ओले काळे फडके धरले आणि मावशींना म्हणाली, "चालवा."

समोरची फरशी आरशासारखी झाली. विक्रेता हसला. मावशी मात्र मागे वळून फडक्याकडे पाहत होत्या. ते पांढुरके झाले होते. त्या म्हणाल्या, "ताई, हाई पुढथून खास अन् मांगथून वकस."

पुढून खाते आणि मागून ओकते! माझ्या सगळ्या अभ्यासात जे एका वाक्यात बसले नव्हते ते असे बसले. जाड कचरा कोणतेही मशीन ओढते. बारीक धूळ पिशवीतून आरपार निघते आणि खोलीच्या हवेत मिसळते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मालक खूष. ती जाते मशीन ओढणारीच्या नाकात. सिमेंट आणि फरशीकाम यांच्या धुळीत सिलिका असते, आणि तिने फुफ्फुसाला केलेली इजा भरून येत नाही. मावशींना तीन वर्षे खोकला आहे हे मला तेव्हा कळले. मुलीला ते आधीपासून ठाऊक होते. म्हणून तर पुडी आणली होती.

याला उपाय हेपा फिल्टरचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कणही शंभरांत ९९.९७ अडवतो. मात्र त्याच्या अगोदर बारीक धुळीची पिशवी लावली नाही तर तो आठवडाभरात बुजतो, आणि तो महाग असतो. म्हणून तिने पुढच्या प्रत्येक दुकानात एकच प्रश्न विचारला : "फिल्टर, पिशव्या, नळी आणि मोटरचे कार्बन ब्रश आज, आत्ता तुमच्या कपाटात आहेत का?" एकाने "मुंबईहून आठ दिवसांत मागवू" म्हटले. आठ दिवस आठ बायका काय करणार? आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

मावशींनी आणखी एक मशीन बाद केले. साठ लिटरचे पिंप. पाणी ओढून भरले की साठ किलो. तळाला पाणी सोडायची तोटी नाही, आणि बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर ते चढवायचे कोणी? दोन मोटरींच्या मशीनवर माझाही थोडा उपयोग झाला. २,४०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर दहा अँपिअरच्या वर. जुन्या इमारतीतल्या साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटला ते झेपायचे नाही, आणि बारीक तारेच्या लांबलचक एक्स्टेन्शनवर चालवले तर तार तापेल.

दुपारी शेवभाजी खाता खाता तिने गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगितल्या. जळगाव हे सोन्याचे गाव. एका सराफाच्या कारखान्याचे काम आले होते. तिथे जमिनीवरची धूळ ही धूळ नसतेच. त्यात सोन्याचा कीस असतो. ती केरमाती धुऊन सोने काढणारे झारेकरी हा आपल्याकडचा जुना व्यवसाय. तेव्हा तिने अंदाजपत्रकातच लिहिले की, प्रत्येक वेळी नवी पिशवी मालकासमोर लावली जाईल आणि भरलेली पिशवी मालकासमोर काढून त्याच्या हवाली होईल. मराठी घेऊन बी. ए. केल्याचा कुठेतरी उपयोग झाला, असे वाटून मी सुखावलो.

दुसरे काम डाळमिलचे. वर्षभराचे, भरघोस पैशांचे. ते तिने नाकारले. डाळीची पूड हवेत दाट उडाली की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि साध्या मशीनच्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या उडतच असतात. त्यासाठी निराळ्या बनावटीचे, स्फोटापासून संरक्षण असलेले मशीन लागते. ते तिच्या कर्जात बसत नव्हते. "नुसते ओढून घेऊ, काही होत नाही," असे मिलवाले म्हणाले होते. हप्ता डोळ्यांसमोर असताना 'नाही' म्हणायला काय लागते हे पगारी माणसाला सांगता येणार नाही.

अखेर तीन मशीने ठरली. दोन अगदी एकसारखी, तीस लिटरची, ओल्या-कोरड्या दोन्ही कामांची, एका मोटरीची, हेपा लावता येणारी; सारखी अशासाठी की एकाचा भाग दुसऱ्याला लागावा. तिसरे लहान, कोरड्या कामाचे, ओढ कमीजास्त करता येणारे. या तिसऱ्यात माझा स्वार्थ होता. १९२६ साली राजवाडे धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे उभे राहिले. अशा कागदांच्या गावात राहून आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांवर बोटभर धूळ! जुन्या पुस्तकांना नळी थेट लावायची नसते. ओढ कमी ठेवून, तोंडाला विरळ जाळीचे कापड बांधून, मऊ ब्रशने धूळ नळीकडे लोटायची असते. निसटलेले पान जाळीवर अडते. मागून हवा स्वच्छ निघाली नाही तर एका कपाटाची धूळ दुसऱ्यावर बसते, म्हणून इथेही हेपा हवाच.

नवरात्रात मावशी ग्रंथालय पाहायला धुळ्याला आल्या. कपाटांवरून बोट फिरवून त्यांनी ते पदराला पुसले आणि "चार दिन" असे सांगितले. मशीन लावून पाहायला गेलो, तर खोलीतले एकमेव सॉकेट सैल निघाले. पिन लावताच बाहेर लोंबू लागली. नवे बसवून मिळावे म्हणून मी अर्ज केला आहे. अर्जावर 'खर्चाचा तपशील जोडावा' असा शेरा आला, तो जोडला. आता दिवाळीची सुट्टी लागली. कामाची तारीख सुट्टीनंतरची ठरली आहे.