शरीर शुद्ध करणारी पेये: पेल्यात काय असावे, काय नसावे



घरभेटींच्या वेळी अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो: "फादर, शरीरातील विष बाहेर काढायला सकाळी कोणता रस घ्यावा?" कुणाच्या मोबाईलवर कृती आलेली असते, तर कुणी बाजारातून महागडी बाटली आणलेली असते. मागे एका घरी माउलीने परसातील बिंबल्यांचा रस पेला भरून माझ्यापुढे ठेवला. घरधन्यांचे कोलेस्टेरॉल वाढले होते, म्हणून ते हा रस रोज अनशापोटी घेत होते. हेतू चांगलाच होता. तरी मी तो पेला बाजूला ठेवला व त्यांनाही रस थांबवायला सांगितले. का, ते पुढे येईलच. आधी शरीराची सफाई कशी होते ते पाहू.

सफाई कोण करते?

देवाने हे काम दोन अवयवांकडे सोपवले आहे: यकृत आणि मूत्रपिंडे. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. दारू, औषधे, पचनातून तयार होणारा अमोनिया अशा गोष्टींचे ते निरुपद्रवी किंवा सहज बाहेर टाकता येतील अशा पदार्थांत रूपांतर करते. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक शरीराला परत देतात आणि दीडेक लिटर लघवीवाटे बाहेर जाते. हे काम रात्रंदिवस चालू असते.

कोणत्याही फळाचा वा पाल्याचा रस हे काम यकृताच्या किंवा मूत्रपिंडांच्या ऐवजी करू शकत नाही. आपल्या हाती दोनच गोष्टी आहेत. एक, या अवयवांना पुरेसे पाणी द्यावे. दुसरी, त्यांच्यावर भलते ओझे लादू नये. घरचे पेय याच मापाने तोलावे.

घरचे चांगले जिन्नस

लिंबू: अर्ध्या लिंबाचा रस पेलाभर पाण्यात घालावा. त्यात क जीवनसत्त्व तर आहेच, शिवाय त्यातील सायट्रेट काही प्रकारचे मुतखडे होऊ देत नाही. साखर थोडीच घालावी. ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी मीठ घालू नये.

कोकम: गोवा, दक्षिण कोकण व कारवारकडील हे फळ एप्रिल-मे महिन्यांत पिकते. गोव्यात त्याला भिरंड म्हणतात. पिकलेल्या फळाची साल गरापासून वेगळी करून, फळाच्याच रसात बुडवून उन्हात पुनःपुन्हा वाळवली की आमसुले तयार होतात. चार-पाच आमसुले पेलाभर पाण्यात तासभर भिजवावी, कुसकरून गाळावी, वर चिमूटभर जिरेपूड घालावी. विकतच्या सरबतात साखरेचे प्रमाण फार असते, म्हणून आमसुलांचे पाणी अधिक बरे. कोकमाच्या सालीतील आम्ल वेगळे काढून वजन कमी करण्याच्या गोळ्या विकल्या जातात. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमसूल सोलकढीत असावे, गोळीच्या मागे लागू नये.

ताक: लोणी काढलेले पातळ ताक हे उन्हाळ्यातील उत्तम पेय. पाणी, थोडी प्रथिने, कॅल्शियम आणि पचनाला उपयोगी जिवाणू हे सारे त्यात मिळते. ठेचलेले आले, भाजलेले जिरे, कोथिंबीर घालावी.

आंबील: बेळगाव-खानापूरकडच्या शेतकऱ्याला आंबिलीची ओळख करून द्यायला नको. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीचे पीठ शिजवून, गार करून, ताक घालून घेतले की तहान भागते आणि पोटालाही आधार मिळतो. चकचकीत बाटल्यांच्या नादात आपण हे विसरत चाललो आहोत.

आले, जिरे, धणे: मळमळीवर आल्याचा उपयोग होतो. जिऱ्या-धण्याचे उकळलेले पाणी रुचकर लागते आणि त्यामुळे माणूस पाणी जास्त पितो. लाभ एवढाच, पण तो कमी नव्हे.

आवळा: यात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते. एका फळाचा रस भरपूर पाण्यात मिसळून घ्यावा.

सब्जा: बी पाण्यात पुरते फुगू द्यावे, मगच प्यावे. कोरडे बी गिळल्यास घशात अडकू शकते.

एक सूचना भांड्याविषयी. लिंबू, कोकम, ताक ही आंबट पेये कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नयेत. आंबटाने तांबे पेयात उतरते आणि उलट्या होतात. काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील वापरावे.

गुळाविषयीही गैरसमज आहे. गूळ साखरेहून चवदार असेल, पण मधुमेह्याच्या रक्तात तोही साखरच वाढवतो.

येथे सावध राहावे

आता बिंबलीकडे वळू. या फळात ऑक्झॅलिक आम्ल फार असते. घट्ट रस पोटात गेला की त्याचे बारीक खडे मूत्रपिंडांत साचतात. केरळातील पाच रुग्णालयांमधील दहा रुग्णांची हकिगत २०१३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. बिंबलीचा रस घेतल्यानंतर या सर्वांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि सात जणांना डायलिसिस करावे लागले. निरोगी माणसाच्या आमटीत दोन-चार बिंबल्या पडल्या तर चिंता नाही. रस मात्र पिऊ नये. तिचेच भावंड असलेले करमल, म्हणजे कमरख, मूत्रपिंडाच्या रुग्णाने तोंडातही घालू नये. त्यातील विषारी द्रव्य अशा रुग्णाच्या मेंदूवर परिणाम करते.

दुधीचा रस घेणाऱ्यांनी आधी कच्च्या दुधीचा लहानसा तुकडा चाखावा. कडू लागला तर तो दुधी टाकून द्यावा. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा अशा रसाने मृत्यू झाला. त्यात कारल्याचा रस मिसळलेला होता. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीही चाखून पाहण्याचा आणि दुधीचा रस इतर रसांत न मिसळण्याचा सल्ला दिला. कडू रस पोटात जाऊन उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरी थांबू नये, तडक रुग्णालयात जावे.

गुळवेलीचा काढा करोनाच्या काळात घरोघरी उकळला गेला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असा काढा घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तरी ज्यांना यकृताचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा काढा घेऊ नये. शहाळ्याचे पाणी चांगले, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे कमजोर असलेल्यांना ते बाधू शकते.

जीव वाचवणारा पेला

घरी करता येणारे एक पेय मात्र खरोखर प्राण वाचवते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेथे मीठ, साखर आणि पाणी योग्य प्रमाणात तोंडावाटे देऊन असंख्य रुग्ण वाचवले. जुलाब होत असताना औषधांच्या दुकानातील ओ.आर.एस.चे पाकीट उत्तम. ते नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवावे व घोट-घोट पाजावे. प्रमाण बदलू नये. २४ तासांनी उरलेले टाकून नवे करावे. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा रक्त पडू लागले तर दवाखाना गाठावा.

शेवटी एक विनंती. रस चालू केला म्हणून रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी कुणीही आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची चिठ्ठी नेतो, तसे घरी कोणता रस, कोणता काढा घेतो हेही सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ज्या घरी मी तो पेला बाजूला ठेवला, तेथील घरधन्यांनी दुसऱ्याच दिवशी रक्ताची तपासणी करून घेतली. मूत्रपिंडे ठीक निघाली. आता ते सकाळी ताक घेतात आणि कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी रात्री नियमाने घेतात. बिंबल्यांचे माउलीने लोणचे घातले आहे, तेही पाहुण्यांना चवीपुरतेच मिळते.