उभारी येते कुठून?

हवाई बेटांमधलं कवाई हे एक छोटं बेट. १९५५च्या सुमारास तिथली बरीच कुटुंबं उसाच्या आणि अननसाच्या मळ्यांवर राबून पोट भरत. त्या वर्षी बेटावर जन्मलेल्या ६९८ मुलांची नोंद करून एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास हाती घेतला. तो चाळीस वर्षं चालला. मुलं एक वर्षाची झाली, दोनाची, दहाची, अठराची, बत्तिसाची, चाळिशीची. दर टप्प्यावर त्यांची चौकशी होत राहिली.

त्यातल्या २०१ मुलांच्या वाट्याला जन्मापासूनच खडतर परिस्थिती आली होती. घरात दारिद्र्य, बाळंतपणातली गुंतागुंत, आईवडिलांची रोजची भांडणं, कुणाचं व्यसन, कुणाचा मानसिक आजार. यातल्या चार किंवा अधिक गोष्टी एकाच घरात होत्या. अशा मुलांचं पुढे काही खरं नाही, असं कुणीही म्हटलं असतं. दोन तृतीयांश मुलांच्या बाबतीत ती भीती खरीही ठरली. शाळेत ती मागे पडली, कुणी गुन्ह्यांत अडकलं, कुणाचं मानसिक स्वास्थ्य बिघडलं. पण ७२ मुलं धडधाकट, कामसू आणि दुसऱ्याची काळजी घेणारी माणसं झाली. चाळिशीला पाहिलं तेव्हा त्यांच्यातलं कुणीही बेकार नव्हतं की कायद्याच्या कचाट्यात सापडलं नव्हतं.

वर्नर यांचं स्वतःचं बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपात गेलं होतं. मुलं कशामुळे मोडतात हे तर त्यांनी शोधलंच; पण ही बहात्तर कशामुळे तरली, याच्याही त्या मागे लागल्या. काही मुलांचा स्वभावच हसरा आणि माणसांत मिसळणारा होता, हे खरं. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, जवळपास प्रत्येकाला लहानपणी निदान एक तरी भरवशाचं माणूस मिळालं होतं. आईवडील कमी पडले तिथे आजी होती, मावशी होती, थोरली बहीण होती. पुढे एखादे शिक्षक भेटले. शिवाय यातल्या अनेकांवर लहान वयातच काही जबाबदारी होती. धाकट्या भावंडांना सांभाळायचं, आई आजारी असली तर घर चालवायचं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे त्या मुलांना ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि ती सर्वांत दिलासा देणारी आहे. विशीच्या आत भरकटलेल्या मुलांपैकीही बहुतेकजण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. कुणी पुन्हा कॉलेजात गेलं, कुणी सैन्यात भरती झालं, कुणाला समजूतदार जोडीदार मिळाला. दार अठराव्या वर्षी बंद झालेलं नव्हतं.

मोठ्या माणसांचं, नोकरीधंद्यातलं काय? त्यासाठी शिकागोकडे वळावं लागतं. १९७५मध्ये मानसशास्त्रज्ञ साल्वातोर मॅडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इलिनॉय बेल’ या टेलिफोन कंपनीतल्या अधिकाऱ्यांचा अभ्यास सुरू केला. तो चालू असतानाच अमेरिकेतला टेलिफोन व्यवसाय सरकारी आदेशाने मोडून नव्याने उभा करायचं ठरलं आणि कंपनीत उलथापालथ झाली. एका वर्षाच्या आत २६,००० नोकरदारांचे जेमतेम १४,००० उरले. वर्षभरात आपले दहा साहेब बदलले, असं एका अधिकाऱ्याने अभ्यासकांना सांगितलं होतं. पाहणीतले सुमारे दोन तृतीयांश लोक खचले. हृदयविकार, नैराश्य, व्यसन, घटस्फोट, सगळंच झालं. उरलेले एक तृतीयांश टिकले, काही तर आधीपेक्षा जोमाने कामाला लागले.

टिकलेल्यांनी अडचणीच्या दिवसांतही कामातून आणि माणसांतून अंग काढून घेतलं नव्हतं. आपल्या हातात जे थोडं उरलंय त्यात हालचाल करत राहायची, ही त्यांची सवय होती. बदलातून काही शिकता येईल, असंही ते धरून चालत. ते सहकाऱ्यांना मदत करत आणि स्वतःला लागली तर मागतही. मॅडींच्या मते हे शिकवता येतं, म्हणून त्यांनी प्रशिक्षण तयार केलं. त्यातली एक रीत अगदी कागद-पेन्सिलीची आहे. समजा, बढती हुकली. तर यापेक्षा वाईट काय झालं असतं, याच्या तीन शक्यता लिहायच्या. मग यापेक्षा बरं काय होऊ शकलं असतं, याच्या तीन. त्यानंतर या बऱ्या शक्यतांकडे नेणारी कोणती पावलं आपल्याला उचलता येतील, ती लिहायची. प्रश्न मुळातच हलणारा नसेल, तर आयुष्यातला दुसरा, हलू शकणारा प्रश्न हाती घ्यायचा.

आपल्याकडे सांगलीतल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट ‘जिद्द’ या एका शब्दात संपवली जाते, आणि ते पुरेसं नाही. लष्करातले हे बॉक्सर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, कमरेखालचं बळ गेलं. पोहणं सुरू झालं ते उपचाराचा भाग म्हणून. १९७२मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं हे पहिलं सुवर्ण. ती जिद्द त्यांचीच, यात वाद नाही. पण लष्कराचं रुग्णालय, पाण्यात उतरवणारे उपचारतज्ज्ञ, क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचं पाठबळ आणि पुण्यात टेल्कोमधली नोकरी, हे सगळं वगळून ती गोष्ट पुरी होत नाही.

संकटातल्या माणसाला ‘खंबीर हो’ म्हणणं म्हणूनच अपुरं आहे, कधी कधी अन्यायाचंही. डोक्यावर कर्ज असलेल्या शेतकऱ्याला हा सल्ला देऊन त्याचं ओझं हलकं होत नाही.

विदर्भात वेगळी वाट चोखाळून पाहिली गेली. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना उदासीची लक्षणं ओळखायला, घरी जाऊन बोलायला, साधा समुपदेशनाचा आधार द्यायला शिकवलं. गरज पडली तर रुग्ण समुपदेशकाकडे, त्यापुढे डॉक्टरकडे पाठवायचा. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं ५.२वरून २.५ टक्क्यांवर आलं. आज सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही मोफत बोलता येतं, मराठीतूनही.