सुरगाठ : दोन वर्षांचा मागोवा

जून 2022 मध्ये, जेव्हा महामारीच्या निर्बंधांची दोन वर्षे नुकतीच सरली होती आणि पुण्यातील मांडववाल्यांच्या गोदामांत धूळ खात पडलेले बांबू पुन्हा बाहेर निघू लागले होते, तेव्हा उत्सव व समारंभ व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या पदविकेसाठी मी नाव घातले. जुन्नर तालुक्यातील एका लहान गावातून मी आले होते, आणि माझे वडील गावच्या यात्रा कमिटीचा जमाखर्च गेली अनेक वर्षे सांभाळीत होते. घरटी लोकवर्गणीची ती लांबट वही, तिच्यातील बाकीदारांच्या नावांपुढील तांबड्या खुणा आणि चैत्र जवळ आला की ओसरीवर रात्री उशिरापर्यंत चालणारी पंचांची बैठक हे सर्व मी लहानपणापासून पाहिले होते. तथापि प्रवेशाच्या अर्जात ‘या क्षेत्रातील पूर्वानुभव’ असा जो रकाना होता, तो मी कोरा ठेवला. गावची यात्रा आणि मी शिकू पाहत असलेला व्यवसाय यांचा परस्परांशी काही संबंध असेल, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नव्हते.

पहिल्या सत्रात वर्गात जे शिकविले गेले ते उपयुक्त होते, यात शंका नाही. अंदाजपत्रक कसे करावे, प्रायोजकापुढे प्रस्ताव कसा मांडावा, रंगमंच, प्रकाश व ध्वनी यांच्या कंत्राटात कोणती कलमे असावीत, हे सारे आम्ही वह्यांत उतरवून घेतले. परंतु त्या अध्यापनाचा एकंदर रोख देखाव्याकडे होता. प्रेक्षक हा ज्याला चकित करावयाचे असा कोणी परका मनुष्य आहे, असे त्यातून नकळत मनावर ठसत असे. त्याला पहिला छेद बसला तो गणेशोत्सवाच्या तोंडावर, एका मंडळाच्या कार्यकर्त्यांबरोबर परवान्यांच्या कामी हिंडताना.

महानगरपालिका, पोलीस, वाहतूक शाखा, अग्निशमन दल, महावितरणची तात्पुरती वीजजोडणी अशा दप्तरांच्या पायऱ्या झिजवता झिजवता आम्ही बुधवार पेठेतील फरासखाना पोलीस ठाण्यात येऊन पोहोचलो. तेथे बाकावर वाट पाहत बसले असता त्या नावाचा अर्थ मला प्रथमच विचारावासा वाटला, आणि शेजारी बसलेल्या एका वयोवृद्ध कार्यकर्त्यांनी तो सांगितला. मराठेशाहीच्या कारभारात जे अठरा कारखाने मोजले जात, त्यांपैकी फरासखाना हा एक. तंबू, राहुट्या, कनाती, जाजमे, गालिचे अशा सर्व बिछायतीचे ते खाते. स्वारी निघाली की मुक्कामाच्या जागी आधी जाऊन निवारा उभा करावयाचा आणि कूच झाल्यावर मागे राहून तो उतरवावयाचा, हे त्या खात्यातील माणसांचे काम. त्याच ओघात त्यांनी आणखी एक शब्द उच्चारला, ‘सरबराई’. येणाऱ्याला जे जे लागेल ते ते, त्याने मागण्यापूर्वी, जागच्या जागी पुरे पाडणे. दोन वर्षांत मी अनेक परिभाषा शिकले, पण माझ्या व्यवसायाला याहून नेमके नाव मला अद्याप मिळालेले नाही.

त्या वर्षीची अनंत चतुर्दशी 9 सप्टेंबरला आली. मूर्तीच्या उंचीवरील मर्यादा उठलेली, दोन वर्षे कोंडलेला उत्साह मोकळा सुटलेला. पुण्याची विसर्जन मिरवणूक त्या वेळी तीस तासांच्याही पुढे गेली. अलका टॉकीजच्या चौकात उभे राहून प्रत्येक मंडळ किती वेळात पुढे सरकते याची नोंद करण्याचे काम आम्हां विद्यार्थ्यांकडे होते. पहिल्या सहा तासांत माझी दृष्टी ढोल-ताशांवर होती, हे कबूल केले पाहिजे. परंतु मध्यरात्र उलटल्यानंतर ती आपोआप रस्त्याच्या कडेला गेली. हरवलेल्या मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या स्वयंसेविका, पाण्याची पिंपे भरणारी मुले, आणि शेवटची मिरवणूक जाण्याची वाट न पाहता, दोन मंडळांच्या मधल्या अवकाशात चपलांचे व कागदांचे ढीग गोळा करणारे पालिकेचे सफाई कामगार यांच्या आधारावर तो तीस तासांचा सोहळा उभा होता. माझ्या नोंदवहीत मात्र त्यांच्यासाठी रकाना नव्हता. तो मी पहाटे पेन्सिलीने आखला.

डिसेंबरमध्ये मुकुंदनगर येथे सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरला, आणि तेथे पाचही दिवस श्रोता म्हणून बसण्याची संधी मिळाली. आपल्या गुरूंच्या, म्हणजे 1952 मध्ये निवर्तलेल्या सवाई गंधर्वांच्या स्मृत्यर्थ पंडित भीमसेन जोशी यांनी 1953 पासून चालविलेला हा उत्सव एके काळी रात्रभर रंगत असे; थंडीत शाली पांघरून, थर्मासमधील चहावर रात्र काढून श्रोते पहाटेच्या रागांपर्यंत जागत. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई झाली. वर्षातील अधिकाधिक पंधरा दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंतची सवलत तेवढी सरकारच्या हाती राहिली. त्या नियमाला माझा विरोध नाही, कारण मंडपाबाहेरच्या आजाऱ्याची झोप हीदेखील सरबराईच्याच कक्षेत येते असे मी मानते. परंतु रागाला प्रहर असतो, आणि जेव्हा उत्सवाचा घड्याळाशी असलेला करार बदलतो तेव्हा मालकंसाच्या नंतरचे, ललतापर्यंतचे एक संपूर्ण दालन त्या मंचावरून संध्याकाळच्या श्रोत्याला बंद होते, ही हानी कोणत्याही अंदाजपत्रकात मांडता येत नाही. वेळापत्रक करणे म्हणजे काय ऐकले जाईल आणि काय ऐकले जाणार नाही हे ठरविणे होय, ही समज मला त्या मंडपात आली. अखेरच्या दिवशी सवाई गंधर्वांच्या आवाजातील भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लागली, तेव्हा इतका मोठा समुदाय उभ्या जागी निःशब्द झाला. त्या शांततेची तजवीज कोणीही केलेली नव्हती.

दुसरे वर्ष उमेदवारीचे. एका खाजगी संस्थेत मला घेतले गेले. तिचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या वर्षातील बरेचसे विवाहसोहळे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत, फुलांच्या कमानी आणि जेवणाच्या पंगती यांच्यापलीकडे त्यांतले फारसे आठवत नाही. एक संध्याकाळ मात्र लख्ख आठवते. 2023 च्या हिवाळ्यात शहराच्या सीमेवरील एका मैदानात गाण्याचा तिकिटाचा कार्यक्रम होता. भोवती कनातींचा वेढा, पुढच्या बाजूस प्रवेश आणि बाहेर पडण्यास दोन वाटा, असा नकाशा मंजूर झालेला. प्रत्यक्षात त्या दोन वाटांपैकी एकीच्या तोंडावर खाद्यपदार्थांच्या टपऱ्या मांडल्या गेल्या होत्या, आणि ठरल्याहून अधिक तिकिटे सुटली होती. प्रवेशद्वारी हातातील मोजणीयंत्राचा खटका दाबत मी उभी होते. मंजूर आकडा ओलांडला गेल्याचे मी दोनदा वर कळविले, आणि दोन्ही वेळा ‘येऊ द्या’ असेच उत्तर आले.

मांडव घालणारे मुकादम साठीच्या घरातले होते. सकाळी पुढच्या बाजूच्या कनाती त्यांना प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळावयास लावल्या होत्या, कारण त्या दिसण्यात नीटनेटक्या. मागची बाजू कोणाच्या नजरेस पडणार नव्हती, म्हणून तेथे त्यांनी आपल्या पद्धतीने सुंभ वापरला होता आणि प्रत्येक गाठ सुरगाठ मारली होती, तिचे मोकळे टोक आतल्या अंगाला, कमरेच्या उंचीवर सोडून. गायक मंचावर येताच मागचे लोक पुढे रेटू लागले. समोरच्या कठड्याशी असलेल्या बायका हात वर करून काही सांगत होत्या, पण ध्वनिक्षेपकांच्या आवाजात ते ऐकू येत नव्हते. मी वरिष्ठांना शोधावयास धावले, आणि तेवढ्यात मुकादमांनी कोणालाही न विचारता मागच्या कनातीचे एक टोक ओढले, मग दुसरे, मग तिसरे. पाच कनाती पाहता पाहता खाली आल्या. कोंडलेली माणसे मागच्या मोकळ्या शेतात पांगली, पुढचा रेटा सैल झाला, आणि एका मुलीचा पाय मुरगळण्यापलीकडे त्या रात्री काहीही घडले नाही. वर्तमानपत्रांत त्याची ओळही आली नाही.

रात्री दोनच्या सुमारास, बांबू उतरत असताना, मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. दिवसभर मला ‘म्याडम’ म्हणणारे मुकादम त्या वेळी म्हणाले, “पोरी, बांधणाराला सवड असते. सोडणारा घाईत असतो. गाठ त्याच्यासाठी मारायची.” ही रीत आपण आपल्या वडिलांकडून घेतली, इतकेच त्यांनी पुढे सांगितले आणि बिडी विझवून ते उठले.

त्यानंतर मी ग्रंथालयात बसून जे वाचले ते परीक्षेसाठी नव्हते. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेच्या वार्षिक संमेलनात कृत्रिम धाग्याच्या कापडाचा मांडव पेटला आणि बाहेर पडण्याची वाट अपुरी ठरून चारशेहून अधिक जीव गेले, त्यांत लहान मुलेच फार. 25 जानेवारी 2005 रोजी वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या यात्रेत, दुतर्फा दुकानांनी अरुंद झालेल्या चढणीच्या वाटेवर, सुमारे तीनशे भाविक चेंगराचेंगरीत व आगीत मृत्युमुखी पडले. ती दुकानांनी आवळलेली वाट वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या मैदानावरील टपऱ्या उभ्या राहिल्या. जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने 1971 मध्ये पादचाऱ्यांच्या गर्दीचे गणित मांडले. एका चौरस मीटरमध्ये सात-आठ माणसे दाटली की व्यक्तीची इच्छा संपते आणि समुदाय द्रवासारखा वाहू लागतो, त्यात लाटा उठतात, असे त्याचे निरीक्षण आहे. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही 2014 मध्ये गर्दीच्या नियमनावर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तात्पुरत्या मांडवांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक आहे. ज्ञान उपलब्ध आहे, लेखी आहे, आणि तरीही त्या संध्याकाळी ते मैदानावर ज्या एकाच मनुष्यापाशी होते, त्याचे नाव कार्यक्रमाच्या कोणत्याही कागदावर नव्हते. हजेरीपटावर त्याच्या टोळीची नोंद ‘मजूर 14’ अशी होती, आणि त्यांच्या देयकाची रक्कम, आगाऊ तसलमात वजा जाता, चार महिने अडकून पडली. प्रायोजकाचे फलक मात्र दुसऱ्या दिवशीच सन्मानपूर्वक परत पोहोचविण्यात आले होते. हे मला तेव्हा सहन झाले नाही, आजही होत नाही. म्हणून पदविकेचा अखेरचा प्रबंध मी मांडवकामगारांच्या रीतीवर लिहिला.

प्रबंधाचे काम उरकत असतानाच चैत्र आला. 2024 चा गुढीपाडवा 9 एप्रिलला होता, आणि त्याच सुमारास वडिलांचा फोन आला की कमिटीची माणसे तमाशाची सुपारी देण्यास नारायणगावला निघाली आहेत, तुला यावयाचे असेल तर ये. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर यांचे हे गाव. तमाशातील जीवनगौरवाचा राज्य शासनाचा पुरस्कार आज त्यांच्याच नावाने दिला जातो. पाडव्याच्या आगेमागे तेथे फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे पंच येऊन यात्रेच्या तारखा मुक्रर करून जातात. राहुट्यांच्या त्या रांगेत मी कधी गेले नव्हते. ती जागा पुरुषांची, असे आमच्याकडे धरून चालतात. वडिलांनी सोबत नेले, तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या दोघांना ते रुचले नाही, पण ते काही बोलले नाहीत.

फडाच्या व्यवस्थापकाने आधी पैशांचे नाव काढले नाही. मैदान केवढे, ट्रक मंचापर्यंत येतो का, पाणी किती लांब, बायामाणसांची कपडे बदलण्याची सोय कोठे, बायकाप्रेक्षक बसणार असल्यास त्यांची वाट वेगळी आहे काय, जवळ दवाखाना आहे का, असे तो एकामागून एक विचारीत गेला आणि वडील उत्तरे देत गेले. मी दोन वर्षे जी तपासणी-सूची पाठ केली होती, तीच तो समोर कागद नसताना बोलत होता. निर्बंधांच्या काळात दोन हंगाम बुडाले, ट्रकवरचे कर्ज अजून फिटायचे आहे, हे त्याने ओघात सांगितले आणि त्यानंतरच रकमेचा विषय निघाला. घासाघीस झाली, माझ्या अपेक्षेपेक्षा कमी झाली. वडिलांनी लोकवर्गणीच्या वहीत तारीख लिहिली आणि अनामत मोजून दिली.

यात्रेच्या दिवशी दुपारी, फडाचा मंच उभा राहत असताना, पटांगणाभोवतीच्या कनातींच्या मागच्या बाजूने मी एकटी चालत गेले. उन्हाचा ताव होता, सुंभाला नव्या नारळाचा वास येत होता. तिसऱ्या खांबाशी वाकून मी मोकळे टोक ओढले, गाठ सुटली. ती पुन्हा तशीच मारली आणि चौथ्या खांबाकडे वळले.