ग्रामीण नवउद्योगांची करमाफी आणि महसुली त्याग

ग्रामीण भागात नव्याने सुरू होणाऱ्या उद्योगांना ठरावीक काळ करात सूट दिल्यामुळे शासनाच्या तिजोरीत जी रक्कम येत नाही, तिला त्या सवलतीचा महसुली त्याग म्हणतात. हा पैसा तिजोरीतून बाहेर पडत नाही. तो आत येतच नाही. त्यामुळे अनुदानाप्रमाणे त्यावर विधिमंडळात दरवर्षी मतदान होत नाही व तो सहसा नजरेतही भरत नाही. अशा सवलतींना ‘करखर्च’ मानावे, हा विचार अमेरिकेच्या अर्थखात्यातील स्टॅन्ली सरी यांनी १९६७ मध्ये मांडला. भारतात केंद्र सरकार २००६-०७ च्या अर्थसंकल्पापासून अशा त्यागाचे विवरण संसदेपुढे ठेवते.

कलम ८०-एचएचए

या विषयाचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे आयकर अधिनियम, १९६१ मधील कलम ८०-एचएचए. १९७७ च्या वित्त अधिनियमाने ते समाविष्ट झाले. ३० सप्टेंबर १९७७ नंतर आणि १ एप्रिल १९९० पूर्वी ग्रामीण भागात उत्पादन सुरू करणाऱ्या लघुउद्योगाला नफ्याच्या २० टक्के इतकी वजावट दहा करनिर्धारण वर्षे मिळे. दहा हजार किंवा अधिक लोकसंख्येच्या नगरपालिकेचे क्षेत्र ‘ग्रामीण’ या व्याख्येतून वगळले होते. अशा नगरपालिकेच्या हद्दीपासून पंधरा किलोमीटरपर्यंतचा अधिसूचित परिसरही वगळता येत असे. जुना कारखाना मोडून किंवा विभागून ‘नवा’ उभारणाऱ्यास सवलत नव्हती. विजेवर चालणाऱ्या उद्योगात किमान दहा आणि विजेविना चालणाऱ्यात किमान वीस कामगार असणे आवश्यक होते.

समजा, अशा उद्योगाचा वार्षिक नफा १ लाख रुपये आहे आणि कराचा दर ३० टक्के आहे. २० हजारांची वजावट मिळाल्याने कर ३० हजारांऐवजी २४ हजार होतो. सरकारने सोडलेला महसूल ६ हजार रुपये. मात्र सुरुवातीची वर्षे तोट्यात काढणाऱ्या उद्योगाला, म्हणजे ज्याला आधाराची सर्वाधिक गरज असते त्यालाच, या सवलतीतून काहीही मिळत नाही. नफ्यावरील करमाफीचा हा मूळचाच दोष होय.

त्यागाची मोजणी

सरकारी विवरणातील आकडा साधारणपणे ‘सवलत नसती तर सध्याच्या उत्पन्नावर किती कर आला असता’ एवढेच सांगतो. सवलत रद्द केल्यास तितकी रक्कम हाती येईलच असे नाही. सवलत नसती तर तो कारखाना गावात आलाच नसता, असेही शक्य आहे. तसे असेल तर सरकारने त्या कारखान्यापुरते काहीच गमावले नाही. उलट, कच्चा माल जवळ असल्यामुळे तो तसाही तिथेच येणार असेल, तर सोडलेला प्रत्येक रुपया विनाकारण गेला. खरी किंमत या दोन टोकांच्या मधे असते आणि ती ठरवण्यासाठी जी माहिती लागते ती क्वचितच कोणी गोळा करते.

स्थलांतर हा आणखी एक प्रश्न. २००३ मध्ये केंद्राने हिमाचल प्रदेश व उत्तरांचल यांसाठी उत्पादनशुल्कात सवलत जाहीर केली. त्यानंतर हिमाचलमधील बद्दी परिसर औषधनिर्मितीचे केंद्र बनला. एका राज्याची वाढ जिथे शेजाऱ्याच्या घटीवर उभी असते, तिथे देशाच्या हिशेबात नवे उत्पादन थोडे आणि सोडलेला कर पूर्ण, अशी स्थिती होते.

महाराष्ट्रातील योजना

महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून, वेळोवेळी सुधारित रूपात, चालू आहे. तालुक्यांचे विकासाच्या पातळीनुसार गट पाडून मागास तालुक्यांना अधिक सवलत दिली जाते. विक्रीकराच्या काळात तिची दोन रूपे होती: करमाफी आणि करस्थगिती. स्थगितीत उद्योग ग्राहकाकडून कर गोळा करी, पण तो बिनव्याजी वापरून अनेक वर्षांनंतर भरत असे. वरकरणी यात शासनाचे काही जात नाही. परंतु १०० रुपये दहा वर्षांनी मिळणार असतील आणि व्याजदर १० टक्के धरला, तर त्यांचे आजचे मूल्य सुमारे ३९ रुपयेच भरते. उरलेले ६१ रुपये हा प्रत्यक्ष त्यागच असतो.

उद्योग खेचण्यासाठी राज्ये एकमेकांपेक्षा अधिक सूट देऊ लागल्याने साऱ्यांचाच महसूल आटत होता. म्हणून विक्रीकरावर आधारित अशा सवलती नव्या उद्योगांना १ जानेवारी २००० पासून न देण्याचे राज्यांनी मान्य केले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर राज्य भरलेल्या राज्य-करापैकी काही वाटा उद्योगाला परत करते. हा परतावा अर्थसंकल्पात खर्च म्हणून नोंदवावा लागतो. आधी न दिसणारी रक्कम त्यामुळे तरतुदीच्या रकान्यात येते. मात्र मुद्रांक शुल्क व वीज शुल्क यांची माफी अजून तशी दिसत नाही.