'टु' कीं 'इंग' ?

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या मुलांना जीं कांहीं स्थळें पिढ्यान् पिढ्या अडवीत आलीं आहेत, त्यांत एका क्रियापदानंतर दुसरें आलें असतां त्यास 'टु' लावावा कीं 'इंग' जोडावा, हें एक प्रमुख होय. 'टु'च्या रूपास 'इन्फिनिटिव्ह' आणि 'इंग'च्या रूपास 'जेरंड' म्हणतात. कोणत्या क्रियापदामागून कोणतें रूप येतें याच्या याद्या पुस्तकांत असतात. मुलें त्या घोकतात आणि परीक्षा संपतांच विसरतात. आमचें म्हणणें असें कीं, या कुलपाची किल्ली संस्कृत व मराठी जाणणाऱ्या घरांत आधींच आहे. ती चालवून पाहण्याचाच काय तो अवकाश.

'टु' हें मूळचें दिशा दाखविणारें अव्यय. प्राचीन इंग्रजींत धातुसाधिताचें चतुर्थीसारखें रूप करून त्यापूर्वीं हें अव्यय ठेवीत व 'अमुक करण्यासाठीं' असा हेतु दाखवीत. आमच्या 'तुमुन्' प्रत्ययाचें कामहि हेंच. 'भोक्तुं गच्छति' म्हटलें कीं जाणें चालू आहे, भोजन अद्याप व्हावयाचें आहे. उलट 'इंग' हा आमच्या 'ल्युट्' प्रत्ययाचा भाऊ. 'भोजनम्', 'पठनम्' यांप्रमाणें तो क्रियेचें नाम करून टाकतो. मग ती एखाद्या वस्तूसारखी धरतां येते, सोडतां येते, आठवतां येते. येथें एक सावधगिरी मात्र हवी. व्हिटनेसारख्या पाश्चात्य वैयाकरणांनीं 'कृत्वा', 'गत्वा' या रूपांसहि 'जेरंड' म्हटलें आहे. नांव तेंच असलें तरी तो प्रकार निराळा, हें संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

हा भेद केवळ परीक्षकांच्या समाधानाचा आहे असें कोणी समजूं नये. घरांतील वडील आजारी आहेत आणि परगांवच्या डॉक्टरांस इंग्रजींत पत्र लिहावयाचें आहे, अशी कल्पना करा. 'फादर स्टॉप्ड टेकिंग द मेडिसिन' म्हणजे वडिलांनीं औषध घेण्याचें बंद केलें; 'फादर स्टॉप्ड टु टेक द मेडिसिन' म्हणजे हातांतलें काम सोडून ते औषध घेण्यासाठीं थांबले. पहिल्या वाक्यांतील रोगी औषधावांचून आहे. दुसऱ्यांतील नियमानें औषध घेणारा दिसतो. पहिलें लिहावयाच्या जागीं दुसरें लिहिलें गेलें, तर डॉक्टरांनीं काय समजावें ?

'रिमेंबर'ची गोष्ट तशीच. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे दाराला कुलूप लावल्याचें मला आठवतें. 'रिमेंबर टु लॉक द डोअर' म्हणजे कुलूप लावावयाचें लक्षांत ठेव. मराठी रूपांकडे पाहा : 'लावल्याचें' यांत क्रिया होऊन गेली आहे, 'लावावयाचें' यांत ती व्हावयाची आहे. 'रिग्रेट टेलिंग' म्हणजे सांगितल्याचा पश्चात्ताप. 'रिग्रेट टु टेल' म्हणजे सांगावयास खेद वाटणें. 'ट्राय टु ओपन द विंडो' म्हणजे खिडकी उघडण्याची खटपट कर, ती कदाचित् उघडणारहि नाहीं. 'ट्राय ओपनिंग द विंडो' म्हणजे खिडकी उघडून पाहा, उकाडा कमी होतो का तें. सारांश, मराठींत 'ल्याचें' आलें तर बहुधा 'इंग', आणि 'वयाचें' किंवा 'ण्यासाठीं' आलें तर बहुधा 'टु'.

'बहुधा' हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. 'अव्हॉइड', 'पोस्टपोन', 'सजेस्ट' यांच्यापुढील क्रिया झालेली नसते, तरी त्यांस 'इंग'च लागतो; 'मॅनेज' या क्रियापदांत काम पार पडलेलें असूनहि 'टु' येतो. असे अपवाद पाठच केले पाहिजेत. 'लाइक', 'बिगिन' यांस दोन्ही रूपें चालतात. आमच्याकडेहि 'पोहणें आवडतें' आणि 'पोहावयास आवडतें' हीं दोन्ही चालतातच.

राहतां राहिला एक फसवा प्रकार. 'आय लुक फॉरवर्ड टु सीइंग यू' यांतील 'टु' पाहून मुलें पुढें 'सी' लिहून मोकळीं होतात. परंतु हा 'टु' तुमंताचा नव्हे. नामाशीं जोडलें जाणारें तें साधें अव्यय आहे. ओळखावयाची युक्ति सोपी : त्यापुढें एखादें नाम ठेवून पाहावें. 'लुक फॉरवर्ड टु द हॉलिडेज' हें वाक्य शोभतें. म्हणून क्रियेनेंहि तेथें नामाच्याच वेषानें आलें पाहिजे. 'आय ॲम यूज्ड टु गेटिंग अप अर्ली' यांतहि हाच न्याय.

घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच सूचना आहे कीं, मूल अडलें असतां त्याच्यापुढें यादी टाकूं नये. तेंच वाक्य त्याच्याकडून आधीं शुद्ध मराठींत म्हणवून घ्यावें आणि विचारावें, 'क्रिया झालेली आहे, कीं व्हावयाची आहे ?' पुष्कळ वेळां उत्तर देतां देतां त्याचें इंग्रजी वाक्य आपोआप सुधारतें; राहिलेल्या थोड्या अपवादांपुरतें पाठांतर मग त्यास जड जात नाहीं.