“आजी, मी बोलतोय!”

जपानी भाषेत ‘ओरे’ म्हणजे ‘मी’. या दोन अक्षरांवर तेथील ठकांनी २००३ च्या सुमारास एक नवाच धंदा उभारला. दूरध्वनी खणखणतो. पलीकडून रडवेला तरुण स्वर येतो, “आजी, मी, मी बोलतोय!” आजी घाबरून नातवाचे नाव घेते. झाले! ठकाला ठाऊक नसलेले नाव तिनेच त्याच्या हाती दिले. मग मोटारीच्या अपघाताची किंवा कचेरीचे पैसे हरवल्याची कथा, आवाज बदलला, त्याला निमित्त पडशाचे, आणि शेवटी ठरलेली विनवणी, “बाबांना सांगू नकोस.” साऱ्या कपटाचा प्राण या वाक्यात असतो, कारण बाबांना विचारताच सोंग उघडे पडते. आजी भोळी म्हणून फसते, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. नातू संकटात असता हिशेब कोणास सुचतो?

फोन ठेवावा आणि नातवाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा, असे जपानी पोलीस वृद्धांना सांगतात. आता तर यंत्राच्या साहाय्याने नातवाचा हुबेहूब आवाजही काढता येतो. तेव्हा घरातल्यांनी आपसांत एक खुणेचा शब्द ठरवून ठेवणे बरे. आपल्या देशात अशा रीतीने पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितकी त्वरा करावी, तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता अधिक.