टाइल्स बसण्याआधीचा उजेड

बहुतेक घरांत बाथरूमच्या दिव्याची जागा कोणी ठरवतच नाही. प्लंबर आणि टाइल्सवाला यांच्या ओढाताणीतून जी भिंत उरते, तिच्यावर वायरमन एक पॉइंट काढून मोकळा होतो. तो बहुधा दाराच्या वर असतो. मग आरशासमोर उभं राहिलं की दिवा पाठीशी आणि आपलीच सावली आपल्या तोंडावर. दुकानात जाऊन आपण देतो काय, तर ‘कितीचा बल्ब देऊ?’ला उत्तर. उजेड कुठून यायला हवा, हे कोणी विचारत नाही.

पुण्यातल्या आमच्या जुन्या सोसायटीत बाथरूम फोडून नव्याने करायला घेतलं, तेव्हा वायरमन पहिल्याच भेटीत म्हणाले, “ताई, डॅडो लागायच्या आत काय ते सांगा. टाइल बसली की माझ्या हातात फक्त बल्ब बदलणं उरतं.” मला हे फार पटलं. वायरचे पाइप भिंतीत पुरले जातात, त्यांवर प्लास्टर होतं, मग टाइल्स. दिव्यांचा सगळा विचार त्या आधीच्या, धुळीने भरलेल्या दोन-चार दिवसांत उरकायचा असतो, आणि नेमकं तेव्हाच घरातले सगळे टाइल्सच्या रंगावर वाद घालत असतात.

खोली सात बाय साडेचार फूट. एका टोकाला बेसिन, दुसऱ्या टोकाला शॉवर, मध्ये कमोड, वर सामानाचा माळा. वायरमननी पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला: होल्डर, लांब वायर, साधा बल्ब. आमच्या ह्यांना कोऱ्या भिंतीसमोर उभं करून हातात जुना आरसा दिला. आधी दिवा डोक्यावर, छताशी धरला. भुवयांखाली खड्डे पडले, आणि हनुवटीखालचा भाग, म्हणजे दाढीचा निम्मा मुलूख, अंधारात गेला. मग आरशाच्या वर धरला, दुकानांतले ‘मिरर लाइट’ बसवतात तिथे. डोळे उजळले, गळा तसाच राहिला. शेवटी त्यांनी दिवा गालाच्या बाजूला, चेहऱ्याच्या उंचीवर आणला आणि दुसऱ्या बाजूने मी मोबाइलची टॉर्च धरली. सावल्या एकमेकींना खोडत गेल्या. ह्यांचं म्हणणं, वय दहा वर्षांनी उतरलं. तेवढं नाही, पण फरक होता.

आता उंची. हे जवळपास सहा फूट, सासूबाई पाच फुटांच्या आत. गोल दिवा एकालाच सोयीचा झाला असता, म्हणून आरशाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांच्या उभ्या पट्ट्या ठरल्या, मध्य जमिनीपासून पाच फुटांवर. पण जमीन कुठली? कोबा आणि फरशी अजून व्हायची होती. वायरमननी लेव्हल ट्यूब लावून पॅसेजच्या फरशीची पातळी आत आणली, भिंतीवर खडूने रेघ मारली आणि तिथून टेप धरला.

रंगावरून मात्र घरात दोन पक्ष पडले. सासऱ्यांना ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र ‘कूल डे लाइट’ हवा होता. त्यांच्या मते पिवळट उजेड म्हणजे व्होल्टेज कमी. मी आरशापाशी ४०००वर अडून बसले, आणि त्याहून जास्त अडले ते सीआरआयवर. रंग किती खरे दिसतात याचा तो आकडा, शंभरपैकी. साधे एलईडी साधारण ८०च्या आसपास असतात आणि त्यांच्यात गडद तांबड्याची बाजू लंगडी असते. अशा उजेडात कुंकू विटकं दिसतं आणि धडधाकट माणूस आजारी. ९०च्या वरचं घेतलं. थोडं महाग पडतं, पण चेहरा बघायचा तिथेच हे पैसे घालावेत. शॉवरवरच्या दिव्याला साधं चालतं.

शॉवरकडे प्रश्न पाण्याचा. आंतरराष्ट्रीय मानकांत बाथरूमचे पाण्याच्या धोक्यानुसार भाग पाडलेले असतात. शॉवरला टब किंवा ट्रे नसेल, तर पाणी येतं त्या जागेपासून १.२ मीटरपर्यंत आणि जमिनीपासून सव्वादोन मीटर उंचीपर्यंतचा भाग जास्त धोक्याचा धरतात. आमच्याकडे माळ्यामुळे छतच जेमतेम सात फुटांवर, म्हणजे शॉवरवरचा दिवा थेट त्या हद्दीत. शिवाय बादली-तांब्याने अंघोळ करणारी माणसं पाणी कुठवर उडवतील, ते कुठल्याच मानकाला सांगता येणार नाही. तिथे आयपी ६५चा (आयपी म्हणजे धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) बंद दिवा घेतला, आरशाशी आयपी ४४. सगळ्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच लाइन तोडणारा स्विच, आणि दिव्यांची बटणं बाहेर.

माळ्याचा एक फायदाही निघाला. एलईडी पट्टीपेक्षा तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर बहुधा आधी जळतो, आणि तो छताच्या आत बंद करून ठेवला तर पुढे तोडफोड ठरलेली. माळ्याचं दार पॅसेजमध्ये उघडतं, म्हणून ड्रायव्हर तिथे, कोरड्या जागी, हात पोचेल असा ठेवला.

रात्रीचा दिवा हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, शिवाय चकाकीचा त्रास जास्त. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उजेड जास्त हवा, पण तो डोळ्यांवर नको. रात्री दोनला उठलेल्या सासऱ्यांना पाहायचं असतं ते उंबरा आणि ओली फरशी. त्यांच्यासाठी कमोडजवळ, जमिनीपासून दीड फुटावर, खाली तोंड केलेला अर्ध्या वॉटचा तांबूस दिवा काढला. त्याला मोशन सेन्सर आहे. शॉवरच्या दिव्याला तो लावायला वायरमननी साफ नकार दिला: काचेच्या पार्टिशनमधून अंगाची उष्णता सेन्सरला कळत नाही आणि साबण लावलेल्या माणसावर अंधार पडतो. हा रात्रीचा दिवा आणि आरशाची एक पट्टी इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतली. एक्झॉस्ट फॅनला स्वतंत्र बटण. अंघोळ झाल्यावर पंखा चालू राहावा, त्यासाठी दिवा जळायची गरज नाही.

पाइप पुरून झाले, बॉक्समध्ये सिमेंट जाऊ नये म्हणून कागदाचे बोळे कोंबले. मग वायरमननी मला प्रत्येक भिंतीशी टेप उभा धरायला लावून फोटो काढायला सांगितले. पुढे आरशाला, टॉवेलच्या दांडीला कोणीतरी ड्रिल मारणार, तेव्हा पाइप कुठून गेलाय ते त्यात दिसेल. दुपारी टाइल्सवाला आला. सासऱ्यांनी त्याला दारातच गाठून विचारलं, पांढरी ट्यूब बसेल एवढी जागा दारावर ठेवता येईल का.